विपश्यना करता ना, मग चिडता कशा? तुम्ही विचारलंत म्हणून

सोसायटीत विचारतात, माहेरी विचारतात, लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता विचारतात: "तुम्ही विपश्यनेला जाता ना? मग अजून इतक्या चिडता कशा?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी मजा असते आणि आमचे पैसे पाण्यात गेल्याची खात्री. पैसे जात नाहीत हो. इगतपुरीच्या केंद्रात विपश्यनेचं, म्हणजे ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर असतं, तिथे राहण्याजेवणाचं काही घेत नाहीत, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पण हे सांगायला लागले की मूळ प्रश्न राहतो बाजूला आणि मी वकिली करत बसते.

खरं तर तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात अण्णांच्या वेळचा प्रकार असतो. तोंडावर कोणी बोलत नाही इतकंच.

अण्णा, माझे वडील, पहाटे हॉस्पिटलात वारले. आमच्या वाट्याचे पैसे भरून झाले होते, विमा कंपनीची शेवटची मंजुरी टीपीएकडून, म्हणजे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडून, यायची होती. काचेमागचा मुलगा म्हणाला, "टीपीएचा मेल आला की बॉडी देतो." हे साडेसहाला. अकरा वाजताही तेच वाक्य, त्याच सुरात. काउंटरवर दोरीने बांधलेलं पेन होतं, त्याचं टोपण कोणीतरी चावून ठेवलेलं. मी बराच वेळ त्या टोपणाकडे बघत होते.

तेवढ्यात आत्याने पाठीवर हात ठेवला. "ब्याण्णव वर्षांचं आयुष्य, हाल न होता गेले. कृतज्ञ राहायचं गं. तू तर साधना करणारी."

मग काय झालं ते नीट सांगते, कारण ऐकीव गोष्ट वेगळी आहे. श्वास आखूड झाला, कानाच्या पाळ्या तापल्या, उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. शिबिरात पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायला शिकवतात, चौथ्या दिवसापासून अंगभर उठणाऱ्या संवेदना. ते सगळं मला लख्ख दिसत होतं. भान सुटलं नव्हतं. आणि दिसत असतानाच मी ओरडले, "माझा बाप तारण म्हणून ठेवलाय का तुम्ही?"

सगळी लॉबी वळून बघायला लागली. पाव तासात कागद हातात आले. ओरडल्यामुळे आले की मेल आल्यामुळे, देव जाणे. पुढे कळलं, की बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि 2018 साली आरोग्य मंत्रालयाने लोकांपुढे ठेवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत चक्क लिहिलेलं आहे. तेव्हा माहीत असतं तर कदाचित हळू आवाजात बोलले असते. कदाचित.

त्या दिवशी मनापासून आभार वाटले ते वॉर्डातल्या मामांचे. अण्णांची हनुवटी त्यांनी गॉजपट्टीने बांधली होती. बोट सुजून अंगठी अडकली होती. "तुम्ही काढता की मी काढू?" त्यांनी विचारलं. मला जमेना. बेसिनवरचा हँडवॉश बोटाला चोळून, अंगठी थोडी थोडी फिरवत त्यांनी ती काढली, अण्णांना दुखेल की काय अशा बेताने. पुसली, कापसात गुंडाळली आणि माझ्या मुठीत ठेवली. त्या माणसाचे आभार मानायचे आणि त्याच दमात त्या काउंटरचेही मानायचे, हे मला जमत नाही. आत्याला नेमकं तेच हवं होतं.

पहिल्या शिबिरानंतरची मी असते तर आत्याच्याच बाजूने बोलले असते. तेव्हा रोज रात्री वहीत आभार लिहायचे: पाणी आलं, मुलगी वेळेवर घरी आली, गॅस संपला नाही. ती मी आजही अधूनमधून भांडायला येते. म्हणते, समता ढळली तुझी, मनाचा तोल गेला. मी म्हणते, समता म्हणजे कोणी काहीही करावं आणि आपण डोळे मिटून बसावं, असं तुला सांगितलं कोणी? मग ती हळूच विचारते, पण काचेमागचं पोर जेमतेम बावीसचं होतं, नियम काय त्याने केला होता? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मग मी विषय बदलते.

राग घालवायचं औषध म्हणून कोणी मला विचारत असेल, तर एक ऐका. ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजी 1955 साली रंगूनमध्ये त्यांचे विपश्यनेचे गुरू उ बा खिन यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते अर्धशिशीने बेजार होऊन. तेवढ्यासाठी येऊ नका, म्हणून त्यांना आधी परत पाठवलं होतं. मी तर रागासाठीच गेले होते. राग आहे. येताना आता दिसतो, एवढं खरं. दिसला की बऱ्याचदा विरतो, मुलीला विचारा. कधी कधी दिसूनही मी त्याला येऊ देते.

वही मात्र बंद केली. कामाला येणाऱ्या ताईंचे आभार त्यात पानंच्या पानं होते आणि त्यांचे खाडे मी पगारातून कापत होते! आता महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी. वहीपेक्षा हे महाग पडतं. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो, भाकरी गरम असतानाच खाते. सकाळी तासभर बसते. संध्याकाळचा तास बुडतो, तो बुडतोच.

आणि शेवटी सगळे विचारतात ते, "मग आम्ही जावं का?" जा. पहाटे चारला घंटा होते, रात्रीचं जेवण नसतं, संध्याकाळी चहा, फळं, मुरमुरे. दहाव्या दिवशी मौन सुटेपर्यंत शेजारणीशीही बोलायचं नाही. गुडघे दुखत असतील तर अर्जातच लिहा, खुर्ची देतात. फक्त परत आल्यावर नवऱ्याने "काय, गेला का राग?" असं विचारलं, तर मला फोन करू नका.