तुम्ही विचारलंत म्हणून: औषध थेट गाठीतच का सोडत नाही?

पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, औषध भरून कर्करोगाच्या गाठीपाशीच ठेवून द्या, सगळ्या अंगाला केमो कशाला? हे इतक्यांनी विचारलंय की आता लिहूनच टाकते. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात औषध असं, चकतीत भरून, ठेवलं जातं, तेही १९९६ पासून. 'कोणाला सुचलंच नाही' असा सूर लागला की मनाला लागतं.

कारमुस्टीन या केमोच्या औषधाची ही चकती सुमारे १४ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची. तिच्यात ७.७ मिलिग्रॅम औषध. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या भिंतीवर जास्तीत जास्त आठ चकत्या बसवतात. पॉलिमर पॉलिअनहायड्राइड जातीचा. पाणी आत मुरण्याआधीच त्याचा वरचा थर झिजतो, साबणाच्या वडीसारखा, म्हणून आतलं औषध कोरडं राहतं आणि दोन-तीन आठवडे सुटत राहतं. मोकळं कारमुस्टीन रक्तात तासभरही धड टिकत नाही.

चकत्या उणे २० अंशांवर ठेवाव्या लागतात. दोन तुकडे झाले तर वापरता येते, जास्त झाले तर टाकून द्यायची. पोकळी मेंदूतल्या द्रवाच्या कप्प्यात उघडत असेल तर ते भोक आधी बुजवायचं, नाहीतर चकती आत सरकून द्रवाची वाट अडवते. जखम भरायला वेळ लागतो, सूज येते, कधी द्रव गळतो.

हे सगळं नीट जमलं तरी खरी अडचण उरते ती अंतराची. कारमुस्टीन मेदात सहज मिसळतं, म्हणून तर ते मेंदूत शिरतं. पण त्याच गुणामुळे ते केशवाहिन्यांतून लगेच रक्तात निघूनही जातं. भिंतीपासून काही मिलिमीटरच्या पुढे उरतं ते फार थोडं. आणि ही गाठ बहुधा परत येते ती मूळ कडेपासून दोन सेंटीमीटरांच्या आत. २४० रुग्णांच्या चाचणीत जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) औषधाच्या चकत्यांमुळे ११.६ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेला. हे दोन महिने मी कमी लेखत नाही. पण तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या मनात दोन महिने नसतात, हेही मला कळतं.

मग शिरेतून पॉलिमरचे सूक्ष्म कण सोडावेत? २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र मोजले, तेव्हा सोडलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यक ०.७ टक्के निघाला.

मीही पूर्वी म्हणायचे, चकतीतली मात्रा वाढवा. नेहमीच्या चकतीत वजनाच्या ३.८५ टक्के औषध असतं. २० टक्क्यांपर्यंत रुग्णांना सोसलं, २८ टक्क्यांना नाही. पण अंतरागणिक औषध झपाट्याने घटत जातं, त्यामुळे मात्रा दुप्पट केली तरी पोच थोडीशीच पुढे सरकते. 'थोडीशी तर सरकते ना', हे माझं तेव्हाचं उत्तर. ते मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही.