शुगर कोणाची?

कंपनीकडून क्लेमची फाइल आली की मी आधी तारखा बघतो. माणूस कसा गेला ते नंतर. पॉलिसी कधी सुरू झाली, मृत्यू कधी झाला आणि मध्ये हप्ते तुटले होते का, एवढ्यावरच ठरतं की पैसे मुकाट निघणार की फाइल माझ्यासारख्या इन्व्हेस्टिगेटरकडे येणार. तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला की तो 'अर्ली क्लेम'. माझं घर त्यावरच चालतं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली ही फाइल कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधला कामगार, वय ४६, सप्टेंबरमध्ये हार्ट अटॅकनं गेलेला. विमा आठ लाखांचा, नॉमिनी बायको. पॉलिसी मात्र २०१६ ची. आठ वर्षं जुनी पॉलिसी अर्ली कशी, असं घरचे विचारणार हे मला ठाण्याला लोकलमध्ये बसतानाच माहीत होतं. झालंही तसंच.

"साहेब, आठ वर्षं झाली की पॉलिसीला. एजंट म्हणला होता, तीन वर्षं झाली की कुणी काय विचारत नाही."

हे बोलणारा मृताचा धाकटा भाऊ. तोही त्याच मार्केटला, दुसऱ्या टोळीत. एजंट खोटं बोलला नव्हता, अर्धं बोलला होता. विमा कायदा १९३८ चा, त्यातलं कलम ४५. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून तीन वर्षं उलटली की आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कंपनीला कुठल्याही कारणानं बोट ठेवता येत नाही, फसवणुकीच्या कारणानंसुद्धा नाही. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, पण जाणूनबुजून फसवल्याचं सिद्ध झालं तर त्यानंतरही कंपनीला बोलता यायचं. आता ती वाटच बंद. पण ही तीन वर्षं मोजायची कुठून? पॉलिसी दिली ती तारीख, जोखीम सुरू झाली ती तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली ती तारीख, रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीवर जादा संरक्षण, जोडला ती तारीख, यांतली जी सगळ्यात शेवटची असेल तिथून.

या माणसाचे हप्ते कोरोनात थकले. मार्केट कधी बंद, कधी चालू. मजुरीचाच भरवसा नव्हता तिथं हप्ता कोण भरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये एजंटानं व्याजासकट थकबाकी भरून घेतली, तब्येत ठणठणीत असल्याच्या फॉर्मवर सही घेतली आणि पॉलिसी 'रिव्हाइव्ह' करून दिली. घरच्यांना वाटलं, जुनी पॉलिसी वाचली. वाचली खरी, पण तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, हे कोणी सांगितलंच नाही. माझ्याकडे येणाऱ्या अर्ली क्लेममध्ये अशा जुन्या पॉलिसी पुष्कळ असतात आणि प्रत्येक घरात मला हाच हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

आता खरी अडचण. त्या रात्री ज्या खासगी रुग्णालयात नेलं, तिथल्या अॅडमिशन पेपरवर हिस्ट्रीच्या रकान्यात डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एक ओळ होती: 'केसीओ डीएम, तीन वर्षं.' म्हणजे पेशंटला तीन वर्षांपासून मधुमेह. तीन वर्षं मागं गेलं की २०२१ येतं, आणि रिव्हायव्हलच्या फॉर्मवर २०२३ मध्ये 'मधुमेह: नाही'. एवढ्यावर क्लेम आडवा होऊ शकतो. नाकारताना कंपनीला कारणं आणि कागद लेखी द्यावे लागतात. नुसती चुकीची माहिती म्हणून नाकारलं तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात. फसवणूक ठरली तर तेही नाहीत. त्यात माणूस हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे दाखवायचं ओझं वारसांवर.

बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही क्लेम मारायलाच येतो. मला केसमागे ठरलेले पैसे मिळतात, रिपोर्ट काहीही असो. आणि हेही सांगतो, कॅन्सरचं निदान झाल्यावर महिन्याभरात घेतलेल्या पॉलिसी मी हातात धरल्या आहेत. तिथं मला अजिबात वाईट वाटत नाही.

पण हा कागद बघताना एक गोष्ट खटकत होती. घरात शुगरच्या गोळीचं एक रिकामं पाकीट नाही. वहिनींनी दाखवलेल्या पिशवीत लाइट बिलं, रेशन कार्ड, मुलांचे दाखले आणि एक लॅब रिपोर्ट. २०२२ च्या पावसाळ्यात ताप आला होता तेव्हाचा. त्यात उपाशीपोटीची साखर ९४. गल्लीतल्या डॉक्टरकडेही मृताच्या नावावर शुगरची नोंद नव्हती. एवढं असलं तरी कंपनीचा मेडिकल ऑफिसर विचारणारच, मग ती ओळ आली कुठून? अॅडमिशन पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, माहिती देणारा: भाऊ.

मी धाकट्याला विचारलं, "त्या रात्री डॉक्टर काय काय बोलले तुमच्याशी?"

"दादाला आत घेतलं हुतं. त्यांनी इचारलं, बीपी हाय का, शुगर हाय का. म्हणलं दादाला काय नाही. मग म्हणले, घरात कुणाला शुगर? म्हणलं, मला हाय. किती वर्षं? म्हणलं, तीन झाली."

तो थांबला. मीही थांबलो. 'मला' आणि 'तीन' यांच्या मध्ये स्ट्रेचर, ऑक्सिजन आणि आरडाओरडा होता. लिहिणाऱ्यानं लिहिलं पेशंटच्या नावावर.

"हेच लिहून द्या," मी म्हणालो. "तुमचे शुगरचे जुने कागद जोडा. म्हणजे ती तीन वर्षं कोणाची हे दिसेल."

तो उठला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझी पण पॉलिसी हाय साहेब. ह्याच कंपनीची. त्याच एजंटाची."

कधीची? जानेवारी २०२२. शुगर निघाली त्याच्या आदल्या वर्षी. फॉर्म एजंटानं भरलेला, आजारांचे सगळे रकाने 'नाही'. यानं सही ठोकलेली. म्हणजे भावाची फाइल साफ करायला जो कागद लागत होता, तोच त्याच्या स्वतःच्या पॉलिसीच्या मुळावर येणारा.

"माझी तीन वर्षं जानेवारीत भरत्यात," तो म्हणाला. कलम नीट कळलं होतं त्याला. "जानेवारी झाल्यावर दिला कागद, तर?"

चौकशी लागणाऱ्या मृत्यूच्या दाव्यावर कंपनीनं पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नोव्हेंबरपलीकडे फाइल माझ्या हातात राहणार नव्हती. नकार आला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे जाता येतं, तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे, फी नाही, वकील नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. तिथंही कागद तुझाच लागेल, हेही सांगितलं. आणि दिलेला कागद कंपनीत जाणार, तो मी लपवणार नाही, हेही.

वहिनी आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप माझ्यापुढं ठेवत त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, नका लिहू. तुमची पोरं लहान हायेत. आमचं बघू काय व्हईल ते."

चहा गोड होता, त्याच्या कपात मात्र साखर नव्हती. तो तसाच प्यायला. मग मुलाच्या वहीतून मधलं पान फाडून माझ्यापुढं सरकवलं. "काय लिहायचं ते सांगा."

मी मजकूर सांगितला नाही. तसं सांगितलेलं जबाबात लगेच दिसतं. घडलं तसं लिहा म्हटलं. ओळी वाकड्या गेल्या, 'मधुमेह' दोनदा खोडला, शेवटी 'शुगर' लिहिलं. स्वतःचे २०२१ चे रिपोर्ट त्यानं शेजारच्या खोलीतून आणून दिले. रुग्णालयातूनही मी लेखी घेतलं की हिस्ट्री पेशंटकडून नव्हे, भावाकडून घेतलेली आहे. त्यासाठी बरीच ताटकळ झाली. रिपोर्टमध्ये तापाच्या वेळचा लॅब रिपोर्ट सगळ्यात वर लावला.

आठ लाख नोव्हेंबरमध्ये वहिनींच्या खात्यात जमा झाले.

धाकट्याला मी कागद घेतला त्याच दिवशी एवढंच म्हटलं होतं की, कंपनीचं पत्र यायच्या आधी तुम्हीच कळवा. आपणहून सांगितलेलं आणि पकडलेलं यात फरक पडतो. पडेलच याची हमी मी दिली नव्हती, तशी देताही येत नाही. त्यानं कळवलं. कंपनीनं मेडिकलला बोलावलं, रक्त तपासलं, आणि पॉलिसी रद्द न करता जादा हप्ता लावला.

ते पत्र आल्यावर त्याचा फोन आला. मागं मार्केटचा गलका, गाडी खाली होत होती.

"वाढला ना साहेब हप्ता, तुमच्यामुळं," तो ओरडून म्हणाला. "आणि त्यो एजंट फोन उचलंना. त्याचा दुसरा नंबर हाय का तुमच्याकडं?"