चिलापीचा बॅच नंबर काय?

माशाला बॅच नंबर नसतो. हे मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी इतक्यांदा म्हटलं की मागे मसाल्याची पाकिटं घेऊन उभा असलेला माणूसही शेवटी माझ्या बाजूने बोलायला लागला.

आमच्याकडे उजनीचे मासे नेहमी येतात. पुणे-पिंपरीचं पाणी मुळा-मुठा आणि भीमेतून त्याच धरणात उतरतं, म्हणून शिसं, कॅडमियम, पारा एकदा तपासून घ्यायचं ठरवलं. भिगवणहून चिलापी आणि एक मरळ बर्फात घालून आणले. तिथवर सगळं सरळ.

फॉर्मवर उत्पादक, परवाना क्रमांक, बॅच, पॅकिंगची तारीख, सगळ्यांपुढे लाल चांदणी. रिकामं सोडलं तर पान पुढे सरकत नाही. 'लागू नाही' लिहावं तर तारखेच्या रकान्यात अक्षरं चालत नाहीत. खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, पॅकबंद सॅम्पल आणा." पॅकबंद मरळ कुठून आणू? "मग कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्या." अहो, मी विकत घेऊन खाणारी बाई, माझी कसली कंपनी! "मग साहेबांना विचारा." साहेब जेवायला गेलेले. थर्माकोलच्या खोक्यातून बर्फाचं पाणी फरशीवर आलं, तेव्हा शिपाई मलाच पोतेरं आणून द्यायला लागला.

मी पिशवीतून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधल्या कलम ४० ची छापील प्रत काढून काचेखालून आत सरकवली. ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. साहेब आले, वाचलं, आणि सगळं एकदम सोपं झालं. बॅच: 'सुटा मासा'. पॅकिंगची तारीख: खरेदीची. एवढं त्या माणसाला सकाळीच सुचायला काय हरकत होती?

प्रत जवळ ठेवाच. पण कलमात एक अट आहे: तपासायला नेणार हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं. मी सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, "न्या की. आमी रोज खातोय, काय निघालं तर आमालाबी सांगा."

खिडकीवर जाण्याआधीच विचारायचा एक प्रश्न: शिसं किती कमीपर्यंत मोजता? माशाची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम. यंत्राची पोच ०.५ असेल तर 'आढळले नाही' या शेऱ्याला काही अर्थ नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेच्या यादीत मासे आणि हे धातू दोन्ही आहेत का तेही बघा. आणि अहवाल ओल्या वजनावर मागा. माशात ८० टक्के पाणी धरलं, तर सुक्या वजनावर १ दिसणारं शिसं ओल्यावर ०.२ भरतं, उगाच छातीत धस्स होतं.

आमचे दोन्ही मासे मर्यादेत निघाले. मावशींना कळवलं. दोन माशांवरून धरणाचा निकाल लागत नाही, हे कळतं मला. पारा तर मांसातच मुरतो, धुऊन किंवा तळून जात नाही, आणि मरळीसारख्या शिकारी माशात वयाबरोबर वाढतो. म्हणून मरळ मी आता लहान बघून घेते.

अहवाल मर्यादेबाहेर आला तर ग्राहकाची फी परत मिळते, तेही त्याच कलमात आहे. माझी गेली. बरं झालं.