शेळीचं मोडकं शिंग आणि कलम ११९

मी साईन लँग्वेज इंटरप्रिटर आहे. टीव्हीवर बातम्या चालू असताना कोपऱ्यातल्या गोलात एक बाई हात हलवत असते ना, तेच काम, पण टीव्हीवर मी कधी गेले नाही. माझं काम म्हणजे बँका, दवाखाने, कॉलेजची ॲडमिशन, लग्नाच्या बैठका (यात सगळ्यात जास्त भांडणं होतात) आणि अधूनमधून कोर्ट. आई-बाबा दोघंही डेफ, त्यामुळे ही भाषा घरातच आली, नंतर वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेतून रीतसर डिप्लोमा केला कारण सर्टिफिकेट नसलं की कोर्टात दारातूनच परत पाठवतात.

आज जी केस सांगतेय ती मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टातली. गाव, नावं काही सांगत नाही, केस अजून संपलेली नाही.

वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं ते एवढंच, की पन्नाशीच्या आसपासची बाई आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, लग्न झालेलं नाही, वडील वारल्यावर दोन भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं, रजिस्टर झालेलं आहे, डाव्या हाताचा अंगठा आहे, फोटो आहे, दोन साक्षीदार आहेत. आता बहिणीच्या मुलाच्या लक्षात आलं की मावशीचं नाव सातबाऱ्यावरून गेलंय, त्याने धावपळ करून दावा लावला. तुम्ही या आणि मावशी काय म्हणते ते कोर्टाला सांगा.

मी पहिला प्रश्न विचारला, शाळेत गेल्या होत्या का? नाही. दुसऱ्या कुणा डेफ माणसाशी कधी संबंध? नाही. मग मी एकटी येऊन उपयोग नाही, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. कारण साईन लँग्वेज ही शिकायला लागते. ती मूकबधिर शाळेच्या होस्टेलमध्ये, डेफ क्लबमध्ये, चार डेफ लोक एकत्र आले की तिथे शिकली जाते. ज्या बाईने आयुष्यात दुसरा डेफ माणूस पाहिलेला नाही तिच्याकडे फक्त घरातल्या खुणा असतात, ज्या घरातल्या पाच-सहा जणांना कळतात, आणि इथे तर तेच पाच-सहा जण समोरच्या बाजूला प्रतिवादी म्हणून उभे. अशा ठिकाणी मधे एक डेफ माणूसच लागतो, त्याला आम्ही रिले इंटरप्रिटर म्हणतो. मी मराठीतून साईनमध्ये सांगायचं, त्याने ते तिच्या खुणांमध्ये उतरवायचं, तिचं उत्तर घेऊन मला द्यायचं, मी मराठीत बोलायचं.

वकीलसाहेब थोडा वेळ गप्पच. मग म्हणाले, "मॅडम, बहिऱ्याची साक्ष घ्यायला बहिराच दुभाषी? जज काय म्हणतील?"

मी म्हटलं बघू.

तर हा आमचा दादा. डेफ लोकांत प्रत्येकाला एक खूण-नाव असतं, दादाच्या भुवईवर जुनी खोक आहे म्हणून दोन बोटं भुवईला लावली की दादा. तीन-चार वर्षांचा असताना ताप येऊन कान गेले. मग मूकबधिर शाळा, आणि त्या काळातली शाळा म्हणजे बोलायला शिकवायचंच हा हट्ट. तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची आणि प-प-प म्हणायचं, पट्टी हलली की बरोबर. दिवसभर आरशापुढे बसायचं. हात हलवले की बोटांवर लाकडी पट्टी. १८८० साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिथे ठराव झाला की खुणांची भाषा शाळेतून हद्दपार करा, फक्त बोलणं शिकवा, आणि त्या ठरावाची पट्टी शंभर वर्षांनी मराठवाड्यातल्या एका पोराच्या बोटांवर बसली. ती भुवईवरची खोकसुद्धा त्यातलीच आहे असं तो सांगतो, त्याबद्दल जास्त विचारलं की विषय बदलतो. पण खरी शाळा रात्रीची. दिवे गेले की होस्टेलमधली मोठी मुलं पांघरुणात टॉर्च लावून लहानांना गोष्टी सांगायची, हातांनी. दादाची सगळी भाषा तिथली.

पुढे आयटीआय केलं, एका प्रिंटिंग प्रेसमध्ये लागला, मशीनच्या आवाजाचा त्रास होत नाही म्हणून मालक खूश. आणि रविवारी याचा उद्योग म्हणजे आठवडी बाजार फिरायचे. भाजी घ्यायला नाही हं. बाजारात उभा राहून लोकांचे हात बघत बसतो. कुणी खुणेनं भाव करताना दिसला की गाठतो, घर कुठं विचारतो, घरच्यांना चिठ्ठी लिहून देतो की याला शाळेत घाला, हिचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा, युडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. अशी किती माणसं त्याने शोधून काढली त्याची त्यालाही मोजदाद नाही. यासाठी कुणी पैसे दिलेले नाहीत, संस्था नाही, लेटरहेड नाही. पण या फिरण्यातून त्याच्याकडे एक गोष्ट आली जी माझ्या डिप्लोम्यात नव्हती. कधीही भाषा न मिळालेल्या माणसाशी बोलता येणं.

कोर्टात सकाळी पोचलो तर पहिली अडचण कॅमेऱ्याची. जुन्या पुरावा कायद्याच्या ११९ कलमात २०१३ नंतर स्पष्ट लिहिलंय की साक्षीदाराला बोलता येत नसेल तर कोर्टाने इंटरप्रिटर किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायचीच आणि त्या साक्षीचं व्हिडिओ शूटिंग करायचं (नव्या साक्ष अधिनियमात हेच १२५ कलम आहे, पण आमचा दावा आधीचा). कायद्यात आहे, तालुक्याला कॅमेरा नाही. शेवटी बसस्टँडसमोरचा लग्नाचं शूटिंग करणारा मुलगा बोलावला. तो सवयीने चेहऱ्यावर झूम करायला लागला. त्याला चार वेळा सांगितलं की बाबा रे, हात दिसले पाहिजेत, हात म्हणजेच साक्ष आहे. आणि दादाच्या मागे खिडकी होती, उजेड डोळ्यांवर येत होता मावशीच्या, तर पट्टेवाल्याला सांगून सगळ्यांच्या जागा बदलल्या. समोरचे वकील घड्याळ बघत होते.

मग त्यांनी हरकत घेतली. एक, हा माणूस स्वतःच बहिरा, याला शपथ तरी ऐकू येणार का. दोन, वादी अशिक्षित, मुकी, तिला प्रश्नांचं आकलन होण्याची शक्यता नाही, सबब ती साक्ष द्यायला सक्षम नाही.

जज मॅडम वयाने तरुण होत्या. त्यांनी फाईल चाळली आणि फार शांतपणे विचारलं की वकीलसाहेब, तुमच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, लिहिलंय वादीने हक्कसोडपत्राचा मजकूर पूर्णपणे समजून-उमजून अंगठा दिला. म्हणजे अंगठा देताना दस्तातलं सगळं समजत होतं आणि आज साधे प्रश्न समजणार नाहीत, यातलं तुमचं म्हणणं नक्की कोणतं?

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

शपथेचं काही अवघड नव्हतं, दुभाषाला शपथ द्यावीच लागते, मी ती साईनमध्ये दिली, दादाने घेतली, नोंद झाली. दुसऱ्या हरकतीवर मॅडमनी जे केलं ते मी आधी कुठल्याच कोर्टात पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आधी मी स्वतः काही विचारते. यांना विचारा, घरी जनावरं किती आहेत, कोणती आहेत.

मी दादाला सांगितलं. दादा मावशीसमोर खुर्चीच्या कडेला बसला, धार काढायची ॲक्शन केली, मग भुवया वर करून हात पसरले. मावशीच्या चेहऱ्यावरचा ताण तिथे पहिल्यांदा उतरला. तिने डोक्याशी मागे वळलेली मोठी शिंगं काढली, दोन बोटं. मग खाली गुडघ्याएवढी उंची दाखवली, हनुवटीला दाढी, एक बोट. आणि मग कपाळाच्या एका बाजूला सरळ शिंग, दुसऱ्या बाजूला अर्ध्यातच कट, आणि हाताने दगड मारल्यासारखं करून समोर बसलेल्या धाकट्या भावाकडे रागाने बोट.

मी मराठीत बोलले. दोन म्हशी, एक शेळी, शेळीचं एक शिंग मोडलेलं, ते या भावाने दगड मारून मोडलं.

मॅडमनी भावाकडे बघून विचारलं, बरोबर आहे का? आणि तो गडी चक्क उभा राहून म्हणाला, "होय साहेब, पण मुद्दाम नव्हता मारला." त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी टायपिस्टला सांगितलं, लिहा, साक्षीदारास प्रश्न समजतात व ती सुसंगत उत्तरे देते, प्रतिवादीनेही त्यास दुजोरा दिला.

मग खरी साक्ष. एकेका प्रश्नाला दहा-दहा पंधरा-पंधरा मिनिटं लागत होती. इथे एक तांत्रिक भांडण झालं ते सांगायला पाहिजे कारण पुढे कुणाला उपयोग होईल. अशा माणसाला 'तुम्हाला कुणी नेलं' असा मोकळा प्रश्न विचारता येत नाही, पर्याय द्यावे लागतात, मोठा भाऊ? धाकटा? वहिनी? भाचा? आणि पर्याय दिले की समोरचे वकील लगेच उठतात, सूचक प्रश्न आहे, म्हणजे प्रश्नातच उत्तर सुचवलंय, म्हणून. मी मॅडमना विनंती केली की दादा जे जे विचारेल ते सगळं मी मोठ्याने बोलते, तुम्ही नोंद घ्या, आणि तो प्रत्येक वेळी एक तरी साफ चुकीचा पर्याय देईल. त्यांनी परवानगी दिली. दादाने 'पोलीस?' असाही पर्याय दिला, मावशी हसली, नाही म्हणाली.

तर मावशीने जे सांगितलं ते असं. वहिनीने नवीन लुगडं नेसवलं. जीपमध्ये बसवलं, दोन्ही भाऊ होते. मोठ्या गावात नेलं, जिन्याने वर. एका माणसाने भावाशी बोलणं केलं, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. अंगठा घेतला. मग खाली हॉटेलात जिलेबी.

वकीलसाहेबांचा मुख्य प्रश्न होता, अंगठा कशासाठी देताय असं तुम्हाला वाटलं?

यावर दादा बराच वेळ थांबला. त्याने मला विचारलं की गावात रेशनच्या दुकानात मशीन आलंय का. मी भाच्याला विचारायची परवानगी घेतली, आलेलं होतं, आणि धान्य आणायला मावशीच जायची. मग दादाने दोन अंगठे दाखवले. एक त्या मशीनवरचा, त्यानंतर पिशवीत पडणारं धान्य. दुसरा त्या जिन्यावरच्या ऑफिसातला, आणि त्यानंतर रिकामे हात, प्रश्नार्थक. मावशीने दुसऱ्या अंगठ्यानंतर ओंजळ केली, पिशवी उघडी धरली, तोंड बांधलं, खांद्यावर घेतलं. मग दोन्ही भावांकडे बघून पिशवी उलटी करून झटकून दाखवली. काहीच आलं नाही.

तिच्या सगळ्या आयुष्यात अंगठ्याचा अर्थ एकच होता, धान्य. अंगठा देऊन जमीन जाते हे तिला तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर भाच्यालाही ते तिला नीट समजावता आलं नव्हतं. आदल्या दिवशी दादाने तिला बांधावर नेऊन समजावलं. बाप दाखवला, तीन मुलं दाखवली, शेताचे तीन भाग पावलांनी मोजून दाखवले आणि तिच्या भागावरचा दगड उचलून भावांच्या बाजूला टाकला. भाचा सांगत होता की ती तो दगड परत आणून जागेवर ठेवूनच घरी आली.

उलटतपासात समोरच्या वकिलांनी छापील प्रश्न विचारला, दुय्यम निबंधकांसमोर तुम्हाला दस्त वाचून दाखवला हे खरं आहे का. मी साईन करायला हात उचलले आणि थांबले, मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, वकीलसाहेब, कुणाला वाचून दाखवला? ते म्हणाले, प्रश्न मागे घेतो.

मला राग कशाचा येतो सांगू, अपंग हक्क कायदा २०१६ सालचा आहे, १३ व्या कलमात सरळ लिहिलंय की अपंग व्यक्तीला इतरांसारखाच मालमत्ता बाळगायचा आणि वारसा मिळायचा हक्क आहे, १२ वं कलम न्याय मिळण्याबद्दल आहे. २०२३ ला सुप्रीम कोर्टात सारा सनी या डेफ वकील बाईंनी इंटरप्रिटरच्या मदतीने काम चालवलं, आमच्या सगळ्या ग्रुपवर ती बातमी दिवसभर फिरत होती, मीही फिरवली, आनंद झालाच. पण २०११ च्या जनगणनेत कमी ऐकू येणारे किंवा अजिबात न येणारे पन्नास लाखांच्या वर लोक नोंदलेत, त्यातल्या खेड्यातल्या, शाळेत न गेलेल्या बाईपर्यंत पोचायला जो लागतो तो दादासारखा माणूस, आणि त्याला द्यायला कोर्टाच्या भत्त्याच्या फॉर्मात रकानासुद्धा नव्हता. क्लार्क बिचारा चांगला होता, त्याने अर्धा तास घालवून काहीतरी बसवलं. जेवढे मिळाले तेवढ्यात प्रेसमधला एक खाडा भरून निघाला नाही.

साक्ष संपेपर्यंत संध्याकाळ झाली. दादाचे खांदे भरून आले होते, मी तर घसा बसल्यामुळे खुणांवरच आले होते. बाहेर व्हरांड्यात मोठा भाऊ भाच्याजवळ येऊन हळूच म्हणाला की घरातलं घरात मिटवू, ओढ्याकडचा तुकडा देतो तिला. वकीलसाहेब तिथेच होते, म्हणाले विचारा त्यांना. मी दादाला, दादाने मावशीला. दादाने ओढा काढला, खडक काढले, काटेरी झुडपं काढली आणि तो तुकडा तिच्याकडे सरकवला. तिने तो हाताने बाजूला सारला. मग रहाट ओढल्यासारखं केलं, पाणी काढलं, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. विहिरीकडचा.

भाऊ म्हणाला, "तिला कुठलं कळतंय विहिरीचं, तुम्हीच शिकवलं." दादाला काय बोलतोय ते मी सांगितल्यावर त्याने भावाला खुणेनं विचारलं, विहिरीवरून पाणी कोण आणतं घरात? भावाने उत्तर दिलं नाही.

त्यानंतर दोन तारखा पडल्यात. तडजोडीचं बोलणं चालू आहे असं वकीलसाहेब सांगतात, भाऊ तिसऱ्या हिश्श्याला तयार झालेत, ओढ्याकडचा आणि मधला मिळून. अजून विहिरीवर अडलंय.