उत्तर दशांशात, पर्याय अपूर्णांकात

बऱ्याच वर्षांनी स्पर्धा परीक्षेसाठी गणित पुन्हा हातात घेतलं. एका सराव प्रश्नाचं उत्तर ०.४३७५ आलं. आकडेमोड बरोबर होती, पण खाली दिलेले चारही पर्याय व्यवहारी अपूर्णांकात होते. तिथेच अडलो.

दशांश चिन्हानंतर जितके अंक, एकावर तितकी शून्यं छेदात, एवढं आठवत होतं. म्हणजे ४३७५/१००००. आता संक्षिप्त रूप द्यायचं. आधी ३ने भाग देऊन पाहिला, गेला नाही. ७ने ४३७५ला पूर्ण भाग गेला म्हणून हुरूप आला, तर १००००ला तो जाईना. शेवटी ५ धरला: ८७५/२०००, १७५/४००, ३५/८०, ७/१६. उत्तर सापडलं, पण तोवर पुढच्या दोन प्रश्नांचा वेळ गेला होता.

रात्री तेच गणित पुन्हा उघडलं. छेद नेहमी १०, १००, १००० असाच येतो आणि त्याचे मूळ अवयव फक्त २ आणि ५. मग ३, ७, ११ने भाग जातो का हे बघायचंच कशाला? छेदाला तो जाणारच नाही! आणखी थोडं खोदल्यावर त्याहून सोपं काही हाती लागलं. शेवटची निरर्थक शून्यं काढून टाकली की अंशाचा शेवटचा अंकच सगळं सांगतो. तो ५ असेल तर फक्त ५ने भागत जायचं, सम असेल तर फक्त २ने. १, ३, ७ किंवा ९ असेल तर हात लावायचाच नाही, अपूर्णांक अतिसंक्षिप्तच आहे. ०.०७२ म्हणजे ७२/१०००, तीनदा निम्मं केलं की ९/१२५. ०.६३ म्हणजे ६३/१००, इथे काहीच करायचं नाही. पूर्वी अशा ६३वर मी हमखास ३ आणि ७ घासत बसायचो. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर किती कागद वाचला असता!

पूर्णांक भाग असेल तर तो बाजूला ठेवतो. २.३५ मधल्या ३५/१००चे ७/२० झाले की २ पूर्णांक ७/२०, म्हणजेच ४७/२०.

खरी फजिती झाली ०.५८३३३… वर. मी सरळ ०.५८३ धरून ५८३/१००० लिहिलं. असा पर्यायच नव्हता. ३ कधीच संपत नाही, आणि मी तो मध्येच तोडला होता. अशा आवर्ती दशांशात शेपूट वजाबाकीने घालवावं लागतं. संख्येला क्ष म्हटलं. १०० क्ष = ५८.३३३… आणि १००० क्ष = ५८३.३३३…. दोन्हीकडे दशांश चिन्हानंतर तंतोतंत तेच अंक, म्हणून वजा केल्यावर ९०० क्ष = ५२५. दोन्ही बाजूंना ७५ने भागलं की ७/१२. इथे छेदात ९ आल्यामुळे ३ने भाग जाऊ शकतो, त्यामुळे वरची शेवटच्या अंकाची युक्ती पुरत नाही. ७ला १२ने भागून ताळा करून पाहिला, ०.५८३३३… परत आलं.

अंक मोठे असले की आता अंश आणि छेदाचा मसावि, म्हणजे दोघांनाही पूर्ण भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या, भागाकार पद्धतीनेच काढतो: मोठ्या संख्येला लहानीने भागायचं, मग त्या लहान संख्येला बाकीने, बाकी शून्य येईपर्यंत. परवा मुद्दाम ०.१४२८५७१४२८५७… घेतलं. सहा अंक पुन्हा पुन्हा येतात, म्हणून १०००००० क्ष मधून क्ष वजा केला: १४२८५७/९९९९९९. दोन पानं भरणार असं समजून बसलो होतो. पहिल्याच भागाकारात भाग ७ आला आणि बाकी शून्य. १/७.