लाईट, जग आणि भिंतीतली चीर

वीज गेली की आपण 'लाईट गेली' म्हणतो. पंखा थांबतो, फ्रीज गप्प होतो, मोटर बंद पडून पाणी चढत नाही, पण नाव एकट्या लाईटचं. रशियन माणूसही असंच बोलतो: 'स्व्येता न्येत', उजेड नाही. फरक इतकाच की त्याच्या भाषेत 'स्व्येत' म्हणजे उजेड आणि 'स्व्येत' म्हणजेच जग. मूल जन्मलं की ते 'स्व्येत'वर येतं, गेलेला माणूस 'त्या स्व्येत'ला जातो, आणि मेजवान्यांतून मिरवणारी बडी मंडळी, तीही 'स्व्येत'च. तेव्हा फ्यूज उडाल्यावर कुणी 'जगच उरलं नाही' असा अर्थ काढला तर त्याला अडवणार कसं? मे महिन्यात भरदुपारी लोडशेडिंग सोसलेल्याला तर तो अर्थ पटेलच.

हा 'स्व्येत' आपल्या 'श्वेत'चा चुलतभाऊ, दोघांचं मूळ एक. रशियन लोक अवघ्या जगाला 'ब्येली स्व्येत' म्हणतात, आणि ब्येली म्हणजे पांढरा. मुळापर्यंत गेलं तर हा चक्क पिवळा पीतांबर!

युक्रेनियन भाषेने मात्र वाटणी करून टाकली: जगाला 'स्वित', उजेडाला 'स्वितलो'. तरी भल्या पहाटे उठणाऱ्याला तिथे 'नी स्वित नी झोर्या' उठला म्हणतात. त्या जुन्या बोलात 'स्वित' अजून उजेडच आहे. ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने तिथली वीजकेंद्रं आणि उपकेंद्रं क्षेपणास्त्रांनी फोडायला सुरुवात केली. वीज पाळीपाळीने मिळू लागली, आणि 'स्वितलो ये?', म्हणजे लाईट आहे का, हे विचारणं रोजचं झालं. आली की म्हणायचं 'दाली स्वितलो', उजेड दिला. आपल्याकडे लाईट आपली आपण येते, तिथे ती कुणीतरी देतं. अर्थात रात्रीच्या पाळीला पिकाला पाणी देणारा आपला शेतकरीही 'लाईट सोडली' म्हणतो. कुठेतरी बसलेला सोडणारा त्यालाही ठाऊक असतो.

कझाक भाषा या दोघींच्या नात्यातली नव्हे, ती तुर्की घराण्यातली. तिथे उजेड म्हणजे 'झारिक', आणि घरातली वीज गेली तरी 'झारिक'च जातो. जन्माला येणं म्हणजे 'झारिक दुनिये'त येणं. हे दुनिये म्हणजे आपलीच दुनिया, दोन्हीकडे अरबीतून पोचलेली. नात्यागोत्याचा संबंध नसताना उजेड आणि जग यांची गाठ इथेही पडलीच.

पण झारिकचा खरा गंमतीचा भाग वेगळाच आहे. याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ चीर, भेग. भिंतीला गेलेला तडा 'झारिक' आणि त्यातून आत येणारी तिरीपही 'झारिक'. आपल्याकडेही तांबडं फुटतं, फटफटतं, त्यामुळे मला ही जोडी मुळीच परकी वाटली नाही. कझाक डॉक्टर मात्र हाच शब्द हर्नियालाही वापरतात. तेव्हा तिथल्या दवाखान्यात 'तुम्हाला झारिक आहे' असं ऐकून कुणी ज्ञानप्राप्ती झाल्यासारखं हुरळून जाऊ नये.