कागदावर टाका, कापडावर टाका: एका दिवसात उरकेल एवढं काम

कापड चुका पोटात घालतं, कागद घालत नाही. कापडात टाका चुकीच्या जागी पडला तर तो उसवायचा, नखाने हलकं चोळायचं, की उभे-आडवे धागे बहुतेक वेळा जागेवर सरकतात. कागदात सुई तंतू तोडत जाते, म्हणून एकदा पडलेलं भोक तिथेच राहतं. दोन्ही एकत्र घेऊन केलेल्या भरतकामात जे बिघडतं, त्यातलं बरंचसं हा फरक विसरल्यामुळे बिघडतं.

एखादा अख्खा दिवस या कामासाठी काढणार असाल, तर सकाळ दुसऱ्यांचं काम पाहण्यात घालवा. जुनं कापड आणि कागद संग्रहालयात साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढ्याच उजेडात मांडतात, कारण उजेडाने होणारं नुकसान साचत जातं आणि भरून येत नाही. त्यामुळे दालन अंधारं वाटतं. डोळे सरावायला थोडा वेळ द्या. मग कामासमोरून हटून बाजूला उभं राहा. तिरप्या नजरेला टाक्यांचा उठाव दिसतो, आणि पांढऱ्या कागदावरचं पांढऱ्या दोऱ्याचं काम तर तिथूनच कळतं. भोकांच्या कडा बघा. कड वर उचललेली असेल तर भोक मागून पाडलंय. काही जण हे मुद्दाम करतात आणि दोरा न घालता नुसत्या भोकांनी पोत आणतात. संधी मिळाली तर मागची बाजूही पाहा. दोरा एका आकृतीतून दुसरीकडे कसा नेलाय, हे तिथेच उघडं पडतं.

जुन्या कामांत भोकं पाडलेला तयार कागदही आढळतो. १९ व्या शतकात त्यावर पुस्तकातल्या खुणा आणि भिंतीवर लावायची सुवचनं भरायची मोठी लाट होती. आज मिळणाऱ्या अशा कागदात बहुधा इंचाला १४ भोकं असतात आणि फुलीटाका मोजून घालता येतो. शिकायला हा कागद सोपा, पण मोकळी रेघ त्यावर जमत नाही. तिला साधा कागदच हवा.

आता सामान. एका दिवसात पुरं व्हायचं तर पोस्टकार्डाएवढा, म्हणजे १० × १५ सेंटिमीटरचा तुकडा पुरे. कागद २०० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्या. जलरंगाचा सुती लगद्याचा कागद उत्तम, कारण त्याचे तंतू लांब असतात आणि भोकाभोवती चीर पसरत नाही. वर्तमानपत्र, जुनी पत्रं, नकाशे असलं काही वापरायचं असेल तर आधी मागून पातळ सुती कापड चिकटवा. शिंप्यांकडचं इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंगही चालतं. कापडाचा तुकडा आधी धुऊन खळ काढलेला आणि इस्त्री केलेला असावा. न धुतलेलं कापड कागदावर शिवलं आणि नंतर ओल लागली तर कापड आटतं आणि कागदाला पोक येतो.

सहा पदरी सुती दोऱ्याचे दोनच पदर घ्या. कागदावर शिवताना दोऱ्याची लांबी ३५ ते ४० सेंटिमीटर ठेवा. त्याहून लांब दोरा प्रत्येक भोकाच्या कडेला घासून पिंजतो आणि शेवटचे टाके मळकट, केसाळ दिसतात. सुई टोकदार हवी. तिचं नेढं दोरा मावेल एवढंच असावं, कारण भोक किती मोठं होणार हे सुईच्या सर्वांत जाड भागावर, म्हणजे नेढ्यापाशी ठरतं. याशिवाय टोचणी, खाली ठेवायला जाड फोम शीट, पट्टी, ट्रेसिंग पेपर, मास्किंग टेप आणि कात्री एवढं जवळ असलं की झालं. बाहेर झाडाखाली बसणार असाल तर चार कागदी क्लिपा जास्तीच्या घ्या, वारा ट्रेसिंग पेपर उडवतो. घामेजल्या हातांनी कागद मऊ पडतो, म्हणून जवळ एक कोरडा रुमालही असू द्या.

क्रम सोपा, पण तो मोडायचा नाही: आधी सगळी भोकं, मग दोरा. नक्षी ट्रेसिंग पेपरवर काढा, कागदावर क्लिपांनी धरा, दोन्ही फोमवर ठेवा आणि वरूनच टोचा. मूळ कागदावर पेन्सिल नको, खोडताना भोकांच्या कडा सुटतात. आधी कोपऱ्यांची आणि रेघेच्या दोन्ही टोकांची भोकं पाडा, मग मधलं अंतर विभागा. एका टोकापासून मोजत गेलात तर शेवटचा टाका हमखास अर्धा उरतो. सरळ रेघेला ५ मिलिमीटर अंतर, वळणाला ३. त्याहून जवळ जाऊ नका. पोस्टाच्या तिकिटांमधल्या भोकांच्या ओळीसारखी ती ओळ ओढ बसताच फाटते. कागदाच्या कडेपासून किमान ८ मिलिमीटर आत राहा.

शिवताना कापडावरची सवय आड येते. कापडात आपण सुई एकाच झटक्यात आत-बाहेर काढतो. कागदात तसं केलं की घडी पडते. इथे सुई सरळ खाली, पूर्ण ओढून घ्यायची, मग सरळ वर. दोन हालचाली, दोन्ही कागदाला काटकोनात. दोरा आडवा ओढला तर भोक लांबट होतं. सुरुवातीला गाठ मारू नका, ती भोकातून निसटते किंवा समोरून उंचवटा दिसतो. मागे दोऱ्याचं शेपूट टेपने धरा, शेवटही तसाच. रेघेला टीप सर्वांत बरी. धावदोऱ्यात प्रत्येक दुसरी जागा रिकामी दिसते, आणि ती भरायला तीच रेघ उलट फिरून पुन्हा शिवावी लागते. फ्रेंच नॉट (सुईला दोरा गुंडाळून घालायची बारीक गाठ) नुसत्या कागदावर टिकत नाही, भोकातून मागे जाते. मागे कापड असेल तरच घाला.

ज्यांना चित्र काढता येत नाही (आणि ज्यांना येतं त्यांनाही), त्यांना सरळ टाक्यांतून वक्ररेषा काढायचा खेळ आवडेल. मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) या गणित शिकवणाऱ्या बाईंनी मुलांना भूमिती कळावी म्हणून भोकं पाडलेल्या कार्डांवर हे शिवण सुचवलं होतं. काटकोन काढा. कोपऱ्यावर भोक नको. दोन्ही बाजूंवर कोपऱ्यापासून १ सेंटिमीटर अंतराने १०-१० भोकं पाडा आणि कोपऱ्यापासून मोजत १ ते १० आकडे द्या. यासाठी कागद १४ × १४ सेंटिमीटरचा लागेल. उभ्या बाजूच्या १ मधून वर या, आडव्याच्या १० मध्ये खाली जा. मागून शेजारच्या ९ वर सरका, वर या, उभ्याच्या २ मध्ये खाली. मागून ३ वर, तिथून आडव्याच्या ८ मध्ये, असं शेवटपर्यंत. जोडीतल्या आकड्यांची बेरीज दर वेळी ११ आली पाहिजे, नाही आली तर तिथेच थांबा. दहाही टाके सरळ, पण त्यांच्या कडेला जी वळणदार रेघ दिसते ती अन्वस्ताची, म्हणजे पॅराबोलाची. दोरा समोर साधारण ८७ सेंटिमीटर आणि मागे ९ लागतो. दोन्ही टोकांची शेपटं धरून ११० सेंटिमीटर मोजा, आणि मध्ये मागच्या बाजूला टेप लावून तीन तुकड्यांत शिवा.

कापड जोडायचं ते याच्यानंतर. गोंद लावाल तर अगदी थोडा आणि मधोमध, कडांना नाही. ओलसर गोंदातून शिवलं की सुई चिकटते आणि डाग वर येतो. कापडाला कड दुमडून शिलाई नको, जाडी वाढते. उसवलेल्या धाग्यांची कड तशीच ठेवून दोन मिलिमीटर आतून बारीक टाके घातले तर ती कागदाशेजारी शोभते.

मशीनवर करायचं असेल तर टाक्याची लांबी ३.५ ते ४ मिलिमीटर, वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, थोडं सैल, आणि सुरुवातीला-शेवटी उलटी टीप अजिबात नको. त्याच जागी पुन्हा सुई पडली की कागद तिथे तुटतो. दोऱ्याची टोकं मागे ओढून हाताने गाठ मारा. कागदाने सुई बोथट होते, म्हणून एक सुई कागदासाठी वेगळी ठेवा आणि कागदाचा भुसा बॉबिनच्या घरातून ब्रशने काढा. तो तसाच राहिला तर पुढच्या कापडावर टाके सुटतात आणि माणूस उगाच टेन्शनशी झटापट करत बसतो.

तयार तुकडा गुंडाळून नेऊ नका, दोरा ताणला जातो आणि भोकं फाकतात. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, वर जड काही नको. फ्रेम करताना काच आणि टाके यांच्यात निदान ३ मिलिमीटर जागा राहील असा पुठ्ठ्याचा चौकट-कडा घाला. काच टेकली तर टाके चपटे होतात, आणि दमट दिवसांत काचेवर धरलेली ओल कागदात उतरते.